कुलकर्ण्यांची कुऱ्हाड

टाउनशिपमध्ये किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कॅन्टीनमध्ये चार मराठी माणसं एका टेबलावर बसली, की पाचव्याची फजिती आपोआप पुढ्यात येते. आमच्या टेबलावर ती बहुतेक वेळा कुलकर्ण्यांची असायची!

कुलकर्णी माझे शेजारी, प्लॅनिंगमध्ये क्लार्क. भोपाळला येऊन चार वर्षं झाली, तरी हिंदी अजून पुण्यातच राहिलेली. वहिनींनी माहेरून आणलेलं लिंबाचं रोप, म्हणजे सरबताच्या लिंबाचं, यंदा पहिल्यांदा फुललं होतं. आणि शेजारी माजलेल्या सुबाभळीने त्याचं ऊन अडवलं होतं.

"चांगलीशी कुऱ्हाड आणा आणि ती सुबाभूळ तोडा," वहिनी म्हणाल्या. "माझं झाड मेलं तर मी निघाले पुण्याला!"

कुलकर्णी घाबरले. वहिनी बोलतात ते करतात.

*

सोनागिरीच्या बाजारात त्यांनी एकाला विचारलं, "भैया, छोटी कुऱ्हाड किधर मिलेगी?"

"कुल्हड़? आगे, कुम्हार के पास."

कुंभार आणि लोहार यांत फरक आहे हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. ते मडक्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मजबूत चाहिए. जोर से मारने पर फूटना नहीं मंगता."

कुंभाराने हातातला कुल्हड, म्हणजे चहाचा मातीचा पेला, खाली ठेवला. "मारोगे किसको, साहब?"

*

शेवटी लोखंडाचं दुकान सापडलं. एका घावात फांदी खाली आली पाहिजे, हे त्यांना समजावून सांगायचं होतं.

"ऐसी देना, एक ही घाव में काम तमाम!"

हिंदीत घाव म्हणजे जखम. दुकानदार हळूच म्हणाला, "बाबूजी, घर में सब ठीक तो है?"

"कुछ ठीक नहीं! बायको पुणे जा रही है!"

दुकानदाराने भीत भीत नुसतं पातं दिलं. "दांडा भी मंगता," कुलकर्णी म्हणाले. तिकडे दांड्याला बेंट म्हणतात. यांना मिळाला पाच फुटी डंडा! तो खांद्यावर टाकून ते टाउनशिपच्या गेटमधून आत आले, तेव्हा वॉचमनने सॅल्यूट ठोकला.

*

आता आमचा शहाणपणा. मी आणि बोंडे दोघेही टूलरूममधले. आम्ही ठरवलं, की धार आपण लावून देऊ. वीस डिग्री की पंचवीस, यावर आमचं भांडण जुंपलं आणि तेवढ्यात पातं ग्राइंडरवर तापून निळं पडलं.

ते लोहाराकडे नेलं, तर त्याने एकदा बघितलं आणि परत केलं. "इसका तो पानी उतर गया."

"पाण्यात घातलीच नव्हती!" कुलकर्णी कळवळून म्हणाले.

पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा, आणि तो आम्ही जाळला होता. पण हे त्यांना सांगायची आमची हिंमत झाली नाही. डंडा कापून दांडा बसवला आणि "एक नंबर!" म्हणून कुऱ्हाड हातात दिली. मला आजही त्याची लाज वाटते.

*

रविवारी तोडणीला बोंडे आले. देवळात जाताना वहिनींनी बजावलं, "भाऊजी, लिंबाला हात लावायचा नाही. बाकी सगळं साफ करा!"

कुलकर्णी दोर मागायला माझ्याकडे आले, चहाला बसले. थोड्या वेळाने वहिनींची किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो.

घामाघूम बोंडे लिंबाच्या झाडावर घाव घालत होते!

"काय झालं वहिनी?" ते गोंधळून म्हणाले. "लिंबाले हातबी नाही लावला म्या!" आणि त्यांनी कुंपणाजवळच्या कडुलिंबाकडे बोट दाखवलं. बोंडे अमरावतीचे. त्यांच्याकडे लिंब म्हणजे तोच.

वहिनी झाडापाशी धावल्या. त्यांनी खोड चाचपलं. अर्धा तास घाव घालूनही फक्त साल खरवडली होती. झाड जागच्या जागी उभं होतं!

सुबाभूळ पुढे माळ्याने त्याच्या कुऱ्हाडीने पाडली.

खंडेनवमीला आम्ही कुलकर्ण्यांकडे गेलो. पाटावर मधोमध आमची निळी कुऱ्हाड, हळद-कुंकू लावलेली, झेंडूचा हार घातलेली.

बोंडे ओशाळून म्हणाले, "द्या वहिनी, नीट धार लावून आणतो."

"हिला हात लावायचा नाही!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी लिंबाच्या सरबताचे पेले पुढे केले.