बोर्ड जुनाच ठेवला

कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, यात तर त्याचा हात कुणी धरू शकत नसे. गिऱ्हाइकांना तो बजावायचा, "नुसता महागडा प्रोसेसर घेऊन भागत नाही. त्याला वीज पुरवणारा बोर्ड दमदार हवा, नाहीतर सगळं फुकट."

त्याची धाकटी बहीण घरी बसून व्हिडिओ जोडायची, म्हणजे एडिटिंगची कामं करायची. आई अंथरुणाला खिळली तशी ती आईला बोलतं करून रोज कॅमेऱ्यात टिपू लागली. आईचं लहानपण, लग्नानंतरची वडिलांशी झालेली भांडणं, सगळं.

"दादा, मशीन फार रखडतंय रे," ती म्हणाली. "आई आहे तोवर जमेल तेवढं करून ठेवायचंय."

त्यानं वरचा प्रोसेसर आणला, मोठा पंखा बसवला. बोर्ड बदलायचा तर सगळंच उचकटावं लागलं असतं. घरचंच तर काम, म्हणून जुनाच ठेवला. व्होल्टेज चढवलं, अर्धा तास चाचणी घेतली. मशीन सुसाट पळालं.

पण तासन् तास काम चाललं की तो बोर्ड चटका बसेल इतका तापायचा. वीज डळमळायची, प्रोसेसर चुकायचा, बंद मात्र पडायचा नाही. बहीण रोजचं चित्रण मशीनवर उतरवून, आकारानं लहान करून ठेवायची आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुन्हा वापरायची. उघडून बघायला, जोडायला सवडीनं बसणार होती.

आई गेली. महिन्याभरानं बहिणीनं फायली उघडल्या, तर चित्राच्या चिंध्या आणि आवाजाच्या जागी खरखर.

त्यानं मशीन खोललं. बोर्डाचा एक कोपरा करपून तपकिरी झाला होता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "परक्याचं असतं तर बोर्ड बदलला असता."

बहीण उठून चहा टाकायला गेली.

दोन महिने तो त्या फायलींशी झटत होता. हाती लागले अकरा सेकंद, तेही नुसत्या आवाजाचे. आई म्हणत होती, "थांब जरा. ही गोष्ट दादा आला की सांगते."

त्यानं ते बहिणीला ऐकवलं. मग विचारलं, "कुठली गोष्ट होती गं?"

"सांगितलीच नाही," ती म्हणाली. "तुझी वाट बघत झोपून गेली."