बाईंनी गाळलेलं वाक्य

भागीरथा नवव्या वर्गात आली तेव्हा तळेगावच्या शाळेतल्या कोणत्याही मुलीपेक्षा वीतभर उंच होती. या उंचीची तिला भारी लाज. मुली तिला उंटीण म्हणत, म्हणून ती खांदे पुढे ओढून, मान पाडून चालायची. घरचा भाजीपाल्याचा मळा होता. डोक्यावर वांग्यांचं टोपलं असलं की तेवढ्यापुरती ती सरळ चाले. टोपलं उतरलं की पुन्हा वाकायची.

त्या साली, म्हणजे त्र्याहत्तरला, शाळेत मराठी शिकवायला लीलाबाई आल्या. वर्ध्याच्या, एकट्या राहणाऱ्या, पन्नाशीच्या. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. एका राक्षसानं राज्यातली नदी चोरून सात डोंगरांपलीकडे नेलेली असते, आणि ती परत आणायला निघतो तो राजपुत्र स्वतःच्या सावलीलाही भिणारा असतो. वाटेत त्याला एक जटाधारी ऋषी भेटतो. तो त्याला अपमान करकरून शूर बनवतो. राजपुत्र म्हणून बाईंनी भागीरथेचं नाव घेतलं तेव्हा वर्ग हसला. भागीरथेला वाटलं, आपली चेष्टाच चालली आहे.

दिवाळीनंतर रोज शाळा सुटल्यावर तालीम. बाई तिला मैदानाच्या एका टोकाला उभं करत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. तिथवर वाक्य पोचलं नाही तर पुन्हा. आवाज पोचला पण शब्द चिरकला तर पुन्हा. "राजपुत्र जमिनीवर काय शोधतो आहे?" त्या विचारत. "सांडलेली ज्वारी?" एक दिवस त्यांनी एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, आणायला लावली आणि रिबिनीनं तिच्या पाठीला बांधली. तशीच ती आठवडाभर तालमीत वावरली. वाकली की तुराटी मानेत टोचे. घरी येऊन ती आईजवळ रडली. आई म्हणाली, नको जाऊस उद्यापासून. दुसऱ्या दिवशी भागीरथा सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की आजवर कोणी तिच्याकडे इतकं रोखून पाहिलं नव्हतं.

साऱ्या नाटकाची नक्कल तिनंच वहीत उतरवून घेतली होती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी, राजपुत्र राक्षसाशी लढायला निघतो तेव्हा ऋषी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, 'जा वत्सा. तुझ्यासारखा शिष्य मला पुन्हा मिळणार नाही.' कमला नावाची मुलगी ऋषी व्हायची आणि हे वाक्य पाठ म्हटल्यासारखं भरभर म्हणून टाकायची. पण स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी कमलेला गोवर निघाला. दुसरी मुलगी तयार करायला वेळ नव्हता. कापसाची दाढी लावून लीलाबाई स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या.

म्हणजे ते वाक्य आता बाई म्हणणार. भागीरथा दिवसभर जेवली नाही.

नाटक रंगलं. तिचा आवाज मंडपाच्या पार मागे, बैलगाड्यांवर बसलेल्या माणसांपर्यंत गेला. तिसऱ्या अंकाचा शेवट आला. ती गुडघ्यावर बसली, डोकं लववलं. बाईंचा हात डोक्यावर आला. क्षणभर तसाच राहिला. मग बाई एवढंच म्हणाल्या, "जा वत्सा." आणि आत निघून गेल्या.

राजपुत्रानं राक्षस मारला, नदी आणली, टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर बाई दाढी सोडवत जवळ आल्या. दुसऱ्या अंकात घाई केलीस, असं म्हणून त्या सामान मोजायला लागल्या. उन्हाळ्यात त्यांना हिंगणघाटच्या एका शाळेत नोकरी मिळाली. भागीरथा निरोप द्यायला बस थांब्यावर गेली, पण बस आधीच सुटली होती.

शहात्तरला तिचं लग्न झालं, कारंज्याच्या खुशालशी. त्याचाही भाजीपाल्याचाच मळा. माणूस शांत, बायकोच्या उंचीचा त्याला अभिमान. सासरी कोणी तिला वाकून चालताना पाहिलं नाही. ब्याऐंशी साली बाजाराचा ठेका मोतीलाल नावाच्या माणसाकडे गेला आणि त्यानं भाजीवाल्या बायांना मागच्या अंगाला बसायला फर्मावलं. तिथं ट्रक मागे घेत असत. त्याची माणसं टोपली उचलायला लागली. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांच्यातच भाजी घेऊन बसलेली भागीरथा उभी राहिली.

"इथून कोणी उठणार नाई," ती म्हणाली. "तुमाले बोलाचं असन तं सरपंचाले घेऊन येजा."

ती ओरडली नव्हती. तरी रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. मोतीलालनं दोन दिवस धमक्या दिल्या आणि मग विषय सोडला. त्यानंतर बाया प्रत्येक कामात तिला पुढे करू लागल्या. खुशाल पाहुण्यांना तो प्रसंग रंगवून सांगे. ती मात्र उठून आत जाई. कोणी वाखाणलं की तिला वाटे, हे दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे. मळ्यात तण निंदताना कधी कधी तिचा हात थांबे. डोक्यावर तो हात क्षणभर राहिला होता, तेव्हा बाईंच्या मनात काय आलं असेल?

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात कमला एका लग्नात भेटली. लीलाबाई नोकरी सोडून हिंगणघाटलाच भाच्याकडे राहतात, असं तिच्याकडून कळलं. भागीरथेनं खुशालला विचारलं. तो म्हणाला, "जाऊन ये. बारा वर्षं झाले, त्याच बाईचं नाव घेऊन राह्यली."

पिशवीभर वांगी घेऊन ती निघाली. वर्ध्याला बस बदलून हिंगणघाटला पोचायला दुपार झाली. बाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, वाळलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या. त्यांनी ओळखलं नाही. तळेगावचं नाटक म्हटल्यावर जरा वेळानं म्हणाल्या, "राजपुत्र. तुझा 'स'चा उच्चार वाईट होता."

चहा झाला. मळ्याचं, मुलांचं बोलणं झालं. मग भागीरथेनं विचारलंच. तिसऱ्या अंकाचं शेवटचं वाक्य बाई त्या दिवशी विसरल्या होत्या का?

"विसरले नव्हते. मुद्दाम गाळलं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यानं सांगितल्यावर ज्याला आपली किंमत कळते, तो राजपुत्र कसला? तुला ते आपलं आपण कळायला हवं होतं."

"मले तं कळलंच नाई, बाई," भागीरथा म्हणाली. "मी तं वाट पायत होती."

भिंतीपलीकडे कोणीतरी धान्य पाखडत होतं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तेव्हा म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता म्हटलं तर तू मागितलं म्हणून दिल्यासारखं होईल. तुलाही ते खरं वाटणार नाही."

भागीरथेनं मान डोलावली. बाईंचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला तिथून उठवेना. शेवटी बाईंनीच परतीची बस किती वाजताची आहे ते विचारलं. फाटकापर्यंत त्या काठी टेकत आल्या. पुढच्या हिवाळ्यात येजो, असं अगदी तिच्या बोलीत म्हणाल्या आणि तिच्या खांद्याला, थांबून, नुसता हात लावला.

पुढच्या हिवाळ्यात भागीरथेनं कोबीचं पोतं कापसाच्या ट्रकवाल्याबरोबर हिंगणघाटला पाठवलं, आठ दिवसांनी येते असा निरोपही दिला. ट्रकवाला परतून सांगू लागला, की म्हातारी बाई दिवाळीआधीच बहिणीकडे अकोल्याला गेल्या. भाच्याला पत्ता नीट सांगता आला नाही, कोबी मात्र त्यानं ठेवून घेतला. भागीरथेनं कमलेला पत्र टाकलं. कमलेलाही ठाऊक नव्हतं.

आता बाजाराच्या दिवशी एखादी वाळकी, चष्मेवाली बाई गर्दीतून जाताना दिसली की भागीरथा तराजू खाली ठेवते आणि उभी राहते. बाई जवळ आली की कळतं, दुसरीच कोणी आहे. गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं. तरी ती जराशी उभीच राहते, त्या बाईची पाठ दिसेनाशी होईपर्यंत.