उमाताईंचं विमान

खोपोलीच्या उमाताई म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. शिळफाट्यावर भाजीवाल्याशी हुज्जत घालताना पाहून कुणाला वाटणार नाही, की या बाईनं ऐन तरुणपणी लढाऊ विमानांचा गेम लिहिलाय! पण लिहिला होता. तेव्हा टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर घरी होता आणि गेम साठवायचा गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. आपल्या डोक्यातून निघालेली आयुष्यातली ही एकच गोष्ट, असं त्यांना वाटे. यंदा माळा आवरताना ती कॅसेट सापडली आणि बाई हरखून गेल्या. विमान पुन्हा उडताना बघायचंच!

कॉम्प्युटर सुरू झाला, हेच नवल. कॅसेट किर्रर्र करू लागली, पडद्यावर रंगीत पट्टे धावले आणि मध्येच खणखणीत आवाजात लग्नाचं गाणं सुरू झालं. कुंभिवलीची गोदूबाई! लग्नात धवले गाणारी धवलारीण. गेम तिथंच ठप्प.

उमाताईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. विष्णुपंतांची पाचावर धारण बसली.

"अगं, नुसती किर्रकिर्र ऐकू यायची. मला वाटलं, कॅसेट खराब झाली. म्हणून आपल्या शेजारच्या येसाजीच्या लग्नात गाणी भरून घ्यायला नेली."

"विचारायला तोंड नव्हतं?" म्हणत त्या रडल्याच, हुंदके देऊन. रडणार नाहीत तर काय!

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत गोदूबाईलाच घेऊन आले. नवरे असेच, समजूत काढायलाही दुसरं माणूस आणतात. म्हातारीनं आपला तरुण आवाज ऐकला, खुदकन हसली, मग उमाताईंकडे वळली.

"तुजं इमान माज्यापायी गेलं गं, उमाताय. पर रडतेस कशाला? आमी धवला कुठं लिवतो? नवरी म्होरं बसली का तोंडात येतो. इसरलं तं तितंच नवीन जोडायचं. तुला नाय येत व्हय?"

हे मात्र झोंबलं. गणिताच्या बाईंना येत नाही म्हणजे काय! चष्मा चढवून त्या गेम नव्यानं लिहायला बसल्या. विमान आधी उलटं उडालं, मग गोळ्या शेपटीतून सुटल्या. त्या चिडल्या, खोडलं, पुन्हा लिहिलं. दिवाळीच्या तोंडावर विमान सुळ्ळकन बोरघाट ओलांडून गेलं, वाटेत शत्रूची दोन विमानं पाडून.

"आदीचं आसंच व्हतं?" गोदूबाईनं विचारलं.

"छे गं! त्यात घाट कुठला? डोंगर जमतच नव्हते मला, सगळी सपाट जमीन काढली होती." उमाताई पडद्याकडे बघत राहिल्या. "हे त्याच्यापेक्षा चांगलं झालंय."