मिशीवर बेतलेला विंचू

आमच्या घरात दुखणं मोजायचं एकच माप होतं, आईच्या हातावरचा विंचू. नऊ वर्षांची असताना वज्रेश्वरीच्या जत्रेत तिनं तो गोंदवून घेतला. गोंदणारणीनं सुयांची जुडी बांधून हात गोधडीसारखा टाचला, तरी आईच्या तोंडातून 'उं' म्हणून निघाला नाही. माझ्या पायात काटा मोडला की हे ऐकावं लागे.

त्या जोरावर मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात, आमच्या गोदामात हमालांपुढे बोलून बसलो, "तसाच विंचू काढतो. आवाज निघाला तर मिशी उतरवीन!" आता माझी मिशी म्हणजे काय, तिला पीळ भरण्यात अर्धी शिफ्ट जायची. ट्रक मागे घेताना मी शटरपाशी उभा राही आणि ड्रायव्हर आरसा सोडून तिच्या टोकांवरून अंदाज घ्यायचे.

रविवारी भिवंडीत टॅटूवाल्याकडे गेलो. साक्षीला दोन हमाल, पंच म्हणून आई. मशीन सुरू झालं आणि कातडीखाली कुणीतरी यंत्रमाग चालू केल्यासारखा धोटा मनगटापासून कोपरापर्यंत पळू लागला. मनगटाशी तर सुई हाडातून पार जाऊन खुर्चीवरही विंचवाची एक नांगी काढून आली. डोळ्यांना धार लागली. एसीची हवा झोंबते, म्हणावं तर तो बंद होता. पण आवाज? शपथेवर सांगतो, नाही. जीभ दाढेखाली अडकली होती, ती गोष्ट वेगळी.

"चाचा, दर्द हो रहा है क्या?" टॅटूवाल्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. "माजा लेक हाय त्यो," आई फुगून म्हणाली.

टॅटूवाल्यानं हातावर प्लास्टिक गुंडाळलं आणि बजावलं, आठ दिवस पाण्यात घालायचा नाही.

"त्याला काय कळतंय?" बाहेर येताच आई म्हणाली. "कुंडात बुडव, सांजच्याला खपली धरंल." आमच्याकडे खरजेपासून सासुरवासापर्यंत सगळ्यावर वज्रेश्वरीचं गरम पाणी हाच इलाज. टेम्पो काढला, चौघंही तिथं गेलो, प्लास्टिक सोडलं आणि सगळ्यात कढत कुंडात कोपरापर्यंत हात घातला.

मग जो आवाज निघाला, त्यानं पार लांबच्या अंबाडी नाक्यावरचे पत्रे हलले. कंडक्टरनं घंटी दिली समजून वाड्याची एसटी वेळेआधी सुटली.

"मिशी!" दोघे हमाल नाचू लागले.

"गोंदवताना न्हाय ओरडलो! हे पाण्याचं हाय!" मी पंचाकडे पाहिलं. पंच पायरीवर बसून पोट धरून हसत होता.

"उतरव रं बाबा. मना तर गोंदवताना चौघींनी धरलेली."

"मग 'उं' कसा न्हाय निघाला?"

"गोंदणारणीचा हात चावून धरलेला मी. तोंड भरल्यावर आवाज कुठून यायचा?"

पन्नास वर्षांचं माप असं पाण्यात गेलं, पण पंचाचा निकाल फिरला नाही. तिथल्याच सलूनमध्ये वस्तरा फिरला.

सोमवारी सकाळी पहिल्याच ट्रकनं मागे येताना गोदामाचं शटर ठोकून आत घातलं. ड्रायव्हरला बघायला टोकंच नव्हती.