ओल्या कोर्टावरचा तिसरा ठसा

मे महिन्यात शेजारच्या वहिनी संध्याकाळी अंगणात पाणी शिंपतात. तो वास आला, की मी मनाने गळ्यात शिटी अडकवून थेट खापरखेड्याच्या मातीच्या बास्केटबॉल कोर्टावर जाऊन उभा राहतो.

मुलींची फायनल, मी पंच, शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक. टाइमआउटमध्ये बास्केटखाली नुकतंच पाणी मारलं होतं. वैशाली एकटीच चेंडू घेऊन सुटली, बास्केट झाली आणि मी ऐटीत शिटी फुंकली. ट्रॅव्हलिंग! चेंडू हातात धरून दोनच पावलं चालतात, हिने तीन टाकली. बास्केट बाद.

"काहून सर? दोनच टाकली मी. माती ओली हाय, ठसे मोजून घ्या ना!"

मी रुबाबात वाकलो. ठसे तीनच होते. पण दोन तिच्या कॅनव्हासच्या बुटांचे, आणि तिसरा घासलेल्या टाचेचा, माझा. जवळून बघायला मीच मध्ये धावलो होतो.

"तीन!" मी ठणकावलं आणि उठता उठता त्या ठशावर नीट पाय फिरवला.

वैशालीने फक्त माझ्या बुटांकडे पाहिलं.

तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. आता ओलं अंगण दिसलं की भिंतीला चिकटून चालतो.

"भाऊजी, चिखलाले एवढं काहून भेता?" वहिनी विचारतात.

"बूट नवे हायत," मी पुन्हा ठणकावून खोटं बोलतो.