नखाविना विणलेलं सूप

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मी चाळीस वर्षं मुळापर्यंत कापलं नाही. आळसानं नाही. बांबूची पट्टी कत्तीनं चिरता येते, पण तिच्यातून सुपाची पातळ काडी सोडवायला नखच लागतं. नख चिरेत घालायचं आणि अंगठा पुढं रेटत न्यायचा. एटापल्लीच्या बाजारात माझ्या सुपाएवढं घट्ट सूप कोणाचं नाही. शाळा मी दुसरीतच सोडली, पण हे लिहायला मला कोणाला विचारावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते नख पिवळं पडलं. आधी एक कोपरा, मग अर्धं. पुढं ते जाड झालं आणि टोकाचा भुगा पडू लागला. मी कत्तीनंच ते खरवडत राहिलो.

"अवो, अहेरीले दाखवून या ना," बायको म्हणाली.

"नखाले कोणी दवाखान्यात नेते काय? लोकं हासतीन."

"लोकं आत्ताच हासून राह्यले. हळदीच्या गाठीवानी दिसते ते."

मला खरी काळजी वेगळीच होती. नातीचं लग्न वैशाखात आमच्याच दारी ठरलं होतं. आमच्यात पोरीच्या पाठवणीत घरच्या हातचं सूप जातं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, दिलं ते माझंच आहे, अजून वापरात आहे. नात माझ्या सुपाशिवाय सासरी गेली असती, तर मी मांडवात उभा राहिलो नसतो.

मग मी माझ्या अकलेनं इलाज केला. बांबू कडक झाला की आम्ही तो ओल्या पोत्यात गुंडाळतो, म्हणजे नरम येतो. नखही कडक झालं होतं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात चिंधी भिजवली आणि अंगठ्याला बांधली. सुकली की पुन्हा भिजवायची. पंधरा दिवस असं केलं. नख नरम आलं खरं, पण कडेचं मांस सुजलं, पू धरला आणि कत्ती हातात धरवेना. तेव्हा गुपचूप अहेरीच्या एसटीत बसलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं आधी पू काढला, साखर तपासली, नखाचा भुगा तपासायला घेतला.

"बाबा, याले काय बांधलं होतं?"

"ओली चिंधी."

"काऊन?"

मी तिला पोत्याची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आन् ओला बांबू रचून तसाच ठेवला, हवा नाई लागू देली, त काय होते?"

"बुरशी धरते. काळा पडते," मी म्हणालो आणि अंगठ्याकडं पाहिलं. बांबू असा ओला कोंडणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या दिल्या होत्या.

"तुमच्या नखातही बुरशीच दिसते. दिवसभर ओल्या कामात हात, वरून ही पट्टी. नख कापून टाका."

"नख गेलं त सूप गेलं, बाई."

"ठेवलं त बाकीच्या बोटांलेही धरन. मग कायनं विणसान?"

मी अंगठा पुढं केला. जेवढं सुटलं होतं तेवढं तिनं हळूच कापलं. भुग्याचा रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावून रक्त तपासून दीड महिन्याच्या गोळ्या दिल्या. नवं नख यायला पाच-सहा महिने लागतील म्हणाली. हात धुतल्यावर बोटं नीट पुसायची. ओल्या बांबूला हात लावताना आत सुती आणि वर रबरी हातमोजा घालायचा, सुती ओला झाला की बदलायचा. नखं आखूड ठेवायची, नेलकटर आपलं वेगळं ठेवायचं. आणि कत्ती बांबूपुरतीच.

हातमोजे पाहून बायको म्हणाली, "बरं झालं. आता भांडे तुमीच घासा."

आखूड अंगठ्यानं काडी निघेना. मधेच तुटायची, नाहीतर एका बाजूनं जाड यायची. वाया गेलेल्या काड्या मी बायको बाहेर गेली की चुलीत घालायचो. एक दिवस ती चहा मांडता मांडता बोलली, "आजकाल जळतण मोठं बारीक भेटून राह्यलं."

त्या बोलण्याचा राग आला. त्याच रागात जुन्या, पक्क्या बांबूच्या पाठीचा, म्हणजे वरच्या कडक सालीचा, बोटभर तुकडा घेतला, त्याला नखासारखी धार काढली आणि अंगठ्याखाली धरून चिरेत घातला. तो पहिल्यांदा निसटला. मग मी त्याला अंगठा टेकायला खाच पाडली. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत जे बिघडलं होतं, ते त्या दिवशी सरळ झालं. काडी एका ताणात शेवटापर्यंत निघाली, कागदासारखी. बांबूचं नख माझ्या नखाहून बरं निघालं. ते ना पिवळं पडतं ना दुखतं. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही.

वैशाखापर्यंत माझं नखही मुळापासून गुलाबी भरून आलं. बायको म्हणाली, आता वाढवा. मी नाही वाढवत. दर आठ दिवसांनी कापतो.

लग्नाच्या आदल्या सकाळी सूप पुरं झालं. बायकोनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि आत जाऊन जवस घेऊन आली. जवसाचा दाणा बारीक आणि निसरडा, सुपाला बारीकशी फट असली तरी तिच्यातून गळतो. तिनं ओंजळभर ओतला आणि नातीच्या हातात सूप दिलं. "पाखड."

नातीनं पाखडलं. तिघंही खाली पाहत होतो. एक दाणा पडला नाही. तरी मी वाकून, सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवून पाहिलं.