घागरीवरची काळी अक्षरं
ऑइलपेंटचा वास आला की मला मुरुडची टँकरची रांग आठवते. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि त्यातच दुष्काळ पडला होता. आमचे मालक पाट्या रंगवायचे. जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून लातूर लिहायचं काम भरपूर होतं. उरलेल्या काळ्या रंगानं त्यांनी माझ्या पितळी घागरीवर इंग्रजी अक्षरं काढली, जुन्या सर्टिफिकेटावर असतात तसली. जाड, उभी, टोकाला मोडलेली, बाभळीच्या काट्यासारखी. "हे कोण वाचणार हाय?" मी म्हणाले. "लांबून वळखू येतंय की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रांगेत शेजारणीनं माझ्या घागरीवर हात ठेवला. "ही माझी हाय." त्या एका घागरीवर मला दोन दिवस काढायचे होते. टँकरवर पाणी वाटायला शाळेचे मास्तर नेमले होते, त्यांनी मला विचारलं, "बाई, हिच्यावर नाव कुणाचं?" मला काही ती अक्षरं वाचता येत नव्हती; पण भांड्यावर नवऱ्याचंच नाव घालतात, आणि ते तोंडानं घ्यायचं नसतं. मी पदराचं टोक दातात धरलं. "बघा, दातखीळ बसली!" शेजारीण म्हणाली. मास्तरांनी मान वाकडी करून एकेक अक्षर लावलं आणि मोठ्यानं वाचलं. ते माझं नाव होतं. "मीच ती," मी म्हणाले आणि घागर भरून घेतली. घरात मालकांनी मला नावानं हाक कधी मारली नाही; नुसतं 'अगं' म्हणायचे, शेवटपर्यंत. आता ते नाहीत, आणि घरात नळ आहे. घागर मात्र मी अजून चिंच लावून घासते, आणि अक्षरांपुरती जागा सोडून देते.